वाका, अजून वाका

माझी नोकरी लोकांची पाठ मोजायची होती. असं सांगितलं की माणसं आधी हसतात, मग विचारतात, "लांबी का रुंदी?" दोन्ही नाही. पाठ वाकते किती, ते मोजायचं. मंडळाच्या अंकासाठी लेख मागायला जे गृहस्थ आले होते तेही हसले आणि म्हणाले, "आजी, तुम्ही आपल्या नर्सिंगच्या आठवणी लिहा." मी नर्स नव्हते, आया होते. चौथी पास आहे. लिहायला येतं. शुद्धलेखन त्यांनी बघावं.

नव्वद सालानंतरची आठ-नऊ वर्षं मी सुरतेत एका ट्रस्टच्या दवाखान्यात कामाला होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी जास्त आणि दवाखान्याची कमी आहे. मी होते त्या खात्याला फिजिओथेरपी म्हणतात. पेशंट त्याला कसरतवाली खोली म्हणायचे. खोलीत दोन पलंग, शेकाचं मशीन, भिंतीला एक शिडी आणि बाहेर बाकडं. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, गरम पाण्याच्या पिशव्या भरायच्या, एवढ्यासाठी मला घेतलं होतं.

मोजायचं काम अंगावर पडलं ते दक्षाबेनमुळे. दक्षाबेन आमच्या फिजिओ. हुशार बाई, चिडकी. त्यांना सातवा महिना लागला आणि पेशंटच्या मागे गुडघ्यांवर बसता येईना. पाठीवरची टेप वाचायची तर डोळा टेपेच्या समोर लागतो, वरून बघितलं की आकडा चुकतो. एक दिवस त्या बसल्या आणि उठताच येईना. मी आणि पेशंटने मिळून उठवलं. पेशंट कंबरेचाच होता. त्यानंतर त्या म्हणाल्या, "मासी, तमे बेसो, हुं लखीश," म्हणजे तुम्ही बसा, मी लिहीन. मी बसले ते पुढे नोकरी सुटेपर्यंत बसले. दक्षाबेन बाळंत होऊन परत आल्या तरी त्यांनी टेप परत मागितली नाही.

आता मोजतात कसं ते सांगते. माणसाच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वर, दोन खळ्या असतात. बारीक माणसाच्या दिसतात, जाड माणसाच्या अंगठ्याने शोधाव्या लागतात. दोन खळ्यांच्या मधोमध मणक्यावर एक टिंब काढायचं. त्याच्या वर दहा सेंटीमीटरवर दुसरं टिंब, खाली पाच सेंटीमीटरवर तिसरं. वरच्यापासून खालच्यापर्यंत झाले पंधरा. मग टेप धरून ठेवायची आणि माणसाला म्हणायचं, गुडघे सरळ ठेवून वाका. पाठ वाकली की कातडं ताणतं आणि पंधराचे वीस होतात, एखाद्या पोरीचे बावीसही होतात. पंधराचे सतराच झाले तर आतले मणके हलत नाहीत असं समजायचं. एवढंच आहे. याला कॉलेजात काही वर्षं लागतात असं दक्षाबेन म्हणायच्या. मला एक दुपार लागली.

माणसं लाजतात म्हणून पहिलं माप कमी येतं. भीती असते, आता कळ येईल. म्हणून तीनदा वाकवायचं आणि तिसरं माप लिहायचं असा दक्षाबेनचा नियम होता. "वाका, अजून वाका," हे मी दिवसातून शंभर वेळा म्हणत असेन, मराठीत, गुजरातीत आणि मोडक्या हिंदीत.

अडचणी भलत्याच यायच्या. खानदेशातल्या पुरुषांच्या कमरेला काळा करदोडा असतो आणि तो बरोबर त्या खळ्यांवर बसतो. काढ म्हटलं तर काढत नाहीत, मेल्यावरच काढतात म्हणतात. तो वर सरकवून छातीपाशी धरायला सांगायचं. बायकांच्या परकराची नाडी इतकी करकचून की तिथं कायमचा काळा वळ पडलेला. त्या वळावर टिंब दिसत नाही. पेन घामाने उमटत नाही, म्हणून मी निळं स्केचपेन वापरायचे.

त्या स्केचपेनने एकदा घोळ केला. एका बाईला मोजून घरी पाठवलं. आंघोळीच्या वेळी सासूने पाठ चोळताना एका रेषेत तीन निळी टिंबं बघितली. दुसऱ्या दिवशी सासू तिला दंडाला धरून घेऊन आली, दुसऱ्या हातात लिंबू-मिरची. "मन्ही सूनवर कोनी करनी करी?" बाकड्यावरची माणसं सरकून बसली. मी म्हटलं, "मी केली. या, तुमच्यावरही करते." त्यांना उभं करून मोजलं. अठराही भरेना. मी सांगितलं, "सुनेची पाठ तुमच्यापेक्षा चांगली आहे." हे त्यांना करणीपेक्षा जास्त लागलं. पुढे सून येत राहिली, सासू आली नाही.

कापड बाजारातले एक शेठ यायचे. त्यांना काही होत नव्हतं. रोज सकाळी योगासनं करायचे आणि दर महिन्याला मोजून घ्यायला यायचे. एकवीस. मग बाकड्यावर बसलेल्या बारा तास माग चालवणाऱ्या लोकांना सांगायचे की सगळं मनावर असतं. एकदा त्यांनी विचारलं, याचं सर्टिफिकेट मिळतं का, भिंतीला लावायला. मी दक्षाबेनकडे पाठवलं. तिथून ते जरा घाईने बाहेर आले.

पण ज्या बाईमुळे माझं डोकं फिरलं ती चलथाणची. साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेली, चाळिशीची. बरोबर मुकादम होता. बाई म्हणे पाठ धरली आहे, मुकादम म्हणे बहाणा करते. डॉक्टर हाडांचे, सोमवारी आणि गुरुवारी बसायचे. त्यांनी तिला वाकायला सांगितलं. तिने दोन्ही पंजे फरशीवर सपाट टेकवले. मुकादम म्हणाला, "बघा! माझीसुद्धा बोटं गुडघ्याखाली जात नाहीत."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं ते केवळ रीत म्हणून. मी टेप लावली. ती परत वाकली, पंजे जमिनीला, आणि टेप पंधराची सोळासुद्धा होईना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मी दक्षाबेनना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि डॉक्टरांनाच घेऊन आल्या. बाई खुब्यातून वाकत होती. जन्मभर ऊस तोडून खुबे बिजागरीसारखे मोकळे झालेले, आणि वर पाठ फळीसारखी सपाट, जराही गोल होत नव्हती. डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस काम बंद लिहून दिलं. मुकादमाने मला विचारलं, "तू कोण?" मी म्हटलं, "आया."

त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत सुटले की बोटं खोटं बोलतात, माणसं खोटं बोलतात, टेप बोलत नाही. मला वाटायला लागलं की खोटं पकडायचं काम माझं आहे. खरं म्हणजे मला कोणी ते सांगितलं नव्हतं.

आता सुकलालचं सांगते. नाव बदललं आहे. त्यानेच सांगितलं, लिहा पण नाव बदला.

सुकलाल सव्वीस वर्षांचा, पारोळ्याकडचा, लिंबायतला मागावर कामाला, राहायला गोडादऱ्याला. लग्नाला दोन वर्षं झालेली, बायको लता. कायम रातपाळी. संध्याकाळी सातला जायचा, सकाळी सातला सुटायचा. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मावशी, झोपीसन उठस तं पाठ लाकूड व्हई जास. दोन घंटा वाकता येत नही."

मी मोजलं. एकोणीस, साडेएकोणीस, वीस. वीस लिहिले. डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि गोळ्या दिल्या. महिन्याने परत आला. तेच. आणखी महिन्याने आला. तेच. डॉक्टर म्हणाले, "दुखे छे, दुखे छे करे छे, माप तो नॉर्मल छे." कार्डावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. दक्षाबेननी मला अर्थ सांगितला, काही नाही, कामाचा कंटाळा.

घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सुकलाल दुपारी चार-साडेचारला उठायचा आणि सहापर्यंत त्याच्याच्याने पाण्याची बादली उचलवायची नाही. चाळीत पाणी दुपारीच यायचं. लता भरायची, सिलिंडर ओढायची, सगळं करायची. वर त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवायचीही. चाळीतल्या बायका बोलायच्या. ते बोलणं तिच्या बापाच्या गावापर्यंत गेलं. बाप सुरतेला आला. ठरलं असं की दवाखाना काय म्हणतो ते बघू. दवाखाना म्हणाला दुखणं आहे, तर ठीक. दवाखाना म्हणाला नाटक आहे, तर पोरगी माहेरी जाईल, आणि ती परत येण्यासाठी जाणार नव्हती.

ही अट सुकलालने स्वतःच मान्य केली होती. त्याला वाटलं, इतक्या वेळा गेलो, या वेळी तरी टेप खरं सांगेल.

तर एका गुरुवारी सकाळी नऊला तिघं आले. सुकलाल, लता, आणि बाप. बापाला सगळे आबा म्हणत. टोपी, धोतर, हातात छत्री, साठीचा माणूस. दार उघडंच होतं, ते दारात उभे राहिले. बाकड्यावर दहा-बारा माणसं. आबा मला म्हणाले, "बाई, पोर संसार कराले दिधी मी. नवराले उठाडाले नही दिधी. तुम्ही मोजा आनि सांगा."

मी मोजलं. एकोणीस. साडेएकोणीस. वीस.

"वीस!" मी म्हटलं. दक्षाबेन तेव्हा पलीकडच्या पलंगापाशी होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा म्हणायची सवयच होती. त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यांदा म्हटलं.

"वीस म्हंजे?" आबांनी विचारलं.

"वीस म्हणजे तुमचा जावई ठणठणीत आहे," मी म्हटलं. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण बाकड्यावरची माणसं ऐकत होती, आणि मला आपण काहीतरी आहोत असं वाटत होतं. मी पुढे म्हटलं, "आता कंटाळा मोजायची टेप काही माझ्याकडे नाही."

बाकडं हसलं. आबाही हसले. लता हसली नाही, पण तिने सुकलालकडे बघितलं आणि मग खाली बघितलं.

सुकलाल शर्टाची बटणं लावत होता. म्हणाला, "मावशी, परत मोजा ना."

"तीनदा मोजलं."

"परत मोजा."

"अरे, तिसऱ्यांदा वीस आले ते चौथ्यांदा पंधरा होणार आहेत का? पुढचा पेशंट."

दोन दिवसांनी आबा लताला घेऊन गेले.

मी हे विसरून गेले होते. खोटं कशाला सांगू? रोज पंचवीस-तीस पाठी व्हायच्या. महिनाभराने एका रविवारी मी कोसाडहून, म्हणजे मी राहायचे तिथून, गोडादऱ्याला गेले, माझी मावसबहीण तिथे राहायची. तिच्या खोलीला लागून तीन खोल्या. मी पायऱ्या चढून जाताना एका खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आणि आत सुकलाल होता. दुपारचे साडेचार वाजले असतील. तो नुकता जागा झाला होता.

तो पालथा पडला होता. आधी एका कुशीवर झाला, आख्खा, ओंडका लोटावा तसा. मग दोन्ही हातांवर जोर देऊन गुडघ्यांवर आला. मग चार पायांवर रांगत भिंतीपाशी गेला. भिंतीवर एक पंजा, त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर पहिला, असा चढत चढत उभा राहिला. उभा राहिला तो सरळ नव्हताच. तोंडाने भिंतीला काहीतरी शिव्या देत होता. भिंतीला कपाळ लावून थांबला.

नाटक करायला बघणारं माणूस लागतं. तिथे कोणी नव्हतं. मी होते, पण त्याला माहीत नव्हतं.

मी आत गेले. तो दचकला, पण वळता येईना, म्हणून भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "कोन शे?"

"मी. दवाखान्यातली. हलू नको."

माझ्या पिशवीत टेप असायचीच. स्केचपेन नव्हतं. कोनाड्यात लताची काजळाची डबी राहून गेली होती. मी काजळाने तीन टिंबं काढली आणि म्हटलं, "वाक."

साडेसोळा. दुसऱ्यांदा सतरा. तिसऱ्यांदा सतराच.

"किती?" तो म्हणाला.

मी टेप परत एकदा वाचली.

"म्हना ना आते वीस. म्हना."

मी त्याला बसवलं, म्हणजे उभंच भिंतीला टेकवलं, आणि विचारायला सुरुवात केली. दवाखान्यात येतोस तेव्हा कुठून येतोस? पाळी सुटली की सरळ. कशाने? पायी, दोन तास चालत. रातभर काय करतोस? चार माग सांभाळतो. बसायला मिळतं? तो हसला. दोरा तुटला की वाकायचं, कांडी संपली की वाकायचं, बारा तास मागांच्या मधल्या गल्लीत येरझाऱ्या. म्हणजे हा माणूस माझ्यापुढे उभा राहायचा तेव्हा बारा तास वाकून आलेला असायचा. त्यावर मी त्याला आणखी तीनदा वाकवायचे आणि सगळ्यात चांगला आकडा लिहायचे. पाठ तापलेल्या तव्यासारखी, आणि मी म्हणायचे ठणठणीत आहे.

त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, झोपून उठलं की. मी ऐकलं होतं. ऐकलं आणि सकाळी नऊला मोजलं, कारण आमची खोली नऊला उघडायची आणि बाराला बंद व्हायची. दुसऱ्या सगळ्यांची सकाळ नऊला असते. त्याची सकाळ दुपारी साडेचारला होती.

सोमवारी मी दक्षाबेनना सांगितलं. आधी त्या काजळावरून ओरडल्या. मग ओरडायच्या थांबल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्यांनी मला समजावलं की साधी कंबरदुखी विश्रांतीने कमी होते आणि कामाने वाढते, पण एक दुखणं उलटं असतं. तरुण पुरुषांना होतं. पडून राहिलं की मणके गंजतात, हालचाल केली की मोकळे होतात. हे त्यांना माहीत होतं. पण तो रातपाळीहून येतो हे त्यांना माहीत नव्हतं. मला ते माहीत होतं, पण दुखण्याचं माहीत नव्हतं. कार्डावर नाव, वय, वजन, माप यांचे रकाने होते. कधी उठलात, याला रकाना नव्हता.

"मासी, एने सुवडावीने मापवो पडशे," दक्षाबेन म्हणाल्या. म्हणजे झोपवूनच मोजायला पाहिजे. सुकलालने एक पाळी बुडवली आणि वॉर्डात झोपला. सकाळी सातला डॉक्टर फेरीला आले तेव्हा दक्षाबेननी त्यांना त्याच्या पलंगापाशी नेलं. मी टिंबं काढली, टेप धरली. डॉक्टर स्वतः वाकून आकडा बघू लागले. साडेसोळा. चष्मा काढून परत बघितला. मग रक्त, मग फोटो. दुखणं तेच निघालं. मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात, बांबूसारखे. बरं होत नाही, पण रोज कसरत केली आणि गोळ्या घेतल्या तर रोखून धरता येतं. डॉक्टरांनी नवीन कार्ड करून दिलं. कोणी कोणाची माफी मागितली नाही. त्याच्या कारखान्याच्या शेठने कागद बघून त्याला फोल्डिंगच्या, म्हणजे कापडाच्या घड्या घालायच्या, दिवसपाळीला लावलं, ते मात्र लगेच झालं.

त्या आठवड्यात मी जुन्या कार्डांचे गठ्ठे काढून बसले. वीस, साडेवीस, वीस. यातले रातपाळीहून सरळ आलेले किती, हे बघायचं होतं. कार्डावरून कळेना. ते मला अजून माहीत नाही. मी फूटपट्टी घेऊन कोऱ्या कार्डांवर एक रकाना आखला, "कधी उठलात". दक्षाबेननी बघितलं आणि तीच कार्डं वापरायला घेतली. मी पहिलं मापही लिहायला लागले.

सुकलालने सासऱ्याला पत्र लिहिलं, सोबत नव्या कार्डाची झेरॉक्स. उत्तर आलं की दवाखान्यात दहा माणसांदेखत जे कानांनी ऐकलं ते कागदाने बदलत नाही, आणि कागद सुरतेत कोणीही काढून देतं. शेवटी लिहिलं होतं की वैशाखात लताचं दुसरीकडे बघणार आहोत. सुकलालने ते पत्र आणून माझ्यापुढे ठेवलं. तो काही मागत नव्हता. नुसतं ठेवलं आणि कसरत करायला गेला.

मी दोन दिवस रजा टाकली. सुरतेहून गाडीने अमळनेर, तिथून एसटीने पारोळा, तिथून पुढे दुसरी एसटी. गावात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आबा ओट्यावर खाटेवर झोपले होते. माझी चाहूल लागून उठले, मला ओळखलं.

"काय बाई, आते आखो काय मोजाले उनी?"

मी म्हटलं, "मी चुकले. आकडा बरोबर होता, वेळ चुकीची होती."

"वेळना काय संबंध? पाठ ती पाठ."

मी समजावून सांगितलं. रातपाळी, बारा तास, पायी येणं. ते ऐकत होते, पण त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की सुकलालने मला पढवून पाठवलं आहे असं त्यांना वाटतंय. मग मी पिशवीतून टेप काढली.

"उठा. बंडी वर करा."

"मन्ही?"

"तुमची. आत्ता झोपून उठलात ना? तेच पाहिजे."

त्यांना नाही म्हणता आलं नाही, कारण तोवर समोरच्या ओट्यावर दोन माणसं येऊन बसली होती. मी टिंबं काढली. आबा वाकले. पहिल्याच मापाला एकोणीस. मी आकडा त्यांना टेपेवर दाखवला आणि म्हटलं, "तुम्ही साठीचे. झोपून उठल्यावर एकोणीस. तुमचा जावई सव्वीसचा. झोपून उठल्यावर साडेसोळा. डॉक्टरांनी स्वतः बघितलं. उभं राहायला त्याला भिंत धरावी लागते, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

आबा बंडी खाली ओढत राहिले.

दारात लता उभी होती, हातात सूप. कधी आली मला कळलं नाही. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं."

आबा वळले. "काय माहीत व्हतं?"

"दोन वरीस मीच उठाडेल शे त्याले. काखमा हात घालीसन. त्यानं आंग कसं लाकूड ऱ्हास ते माले माहीत नही तं कोनले?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पन तुम्ही वीस म्हनात. मंग माले वाटनं, मन्हाच हात खोटा शेतस."

मला माझ्या नोकरीत डॉक्टर बोलले आहेत, दक्षाबेन बोलल्या आहेत, पेशंट तर रोज बोलायचे. त्या बोलण्याचं मला कधी काही वाटलं नाही. याचं वाटलं. मी टेप गुंडाळत बसले. ती गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होते.

"येतेस का मग?" मी म्हटलं.

"अशी नही," लता म्हणाली. "तुम्ही वीस कितला जोरमा म्हनात! बाकडावरना लोके हसनात. आबा हसना. आनि आते काय, आठे ओटावर बसीसन कानमा सांगतस? तितलाच जोरमा सांगा. गल्लीमा समदासले ऐकू जावाले पाहिजे. नही तं माले इथला लोके म्हनतीन, नाटक्याकडे परत गयी."

तिचं बरोबर होतं. मी ओट्याच्या कडेला उभी राहिले. माझा आवाज मोठा आहे, सगळ्या सुरतेत तो मला उपयोगी पडला आहे, पण त्या वेळी पहिल्यांदा नीट निघाला नाही. लता म्हणाली, "दवाखानामा असा नव्हता."

मग मी ओरडले. "सुकलालची पाठ साडेसोळा आहे! त्याला दुखणं आहे! तो नाटकी नाही! मी दवाखान्यात चुकीचं सांगितलं होतं!"

गल्लीतून बायका बाहेर आल्या. पलीकडे बैल सोडत होता त्या माणसाने हात थांबवून विचारलं, "काय साडेसोळा? कापूसना भाव का?"

"पाठ!" मी म्हटलं. "यांच्या जावयाची पाठ! वीस पाहिजे, साडेसोळा आहे!"

"मंग दवाखानामा दाखाडा ना," तो म्हणाला.

आबांनी टोपी काढून परत घातली. म्हणाले, "झायं बाई. बस करा. समदासनी ऐकं."

मी लताकडे बघितलं. ती सूप तिथेच ठेवून आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. साड्या, चपला, वर पितळी डबा, सगळं नीट रचून, तोंड सुतळीने बांधलेलं. इतक्या वेळात पिशवी भरून होत नाही. मी पिशवीचा एक बंद धरला. चार वाजताची एसटी होती.